सरड्याचे अंडे आणि मातीची ऊब

जूनमधले दोन-चार चांगले पाऊस झाले, की शाळेच्या कुंपणालगत, फुलझाडांच्या वाफ्यात किंवा माळावरच्या मऊ जमिनीत सरड्याची एखादी मादी पुढच्या पायांनी माती उकरताना दिसते. काही सेंटिमीटर खोल खड्डा करायचा, त्यात दहा-वीस पांढरी, लांबट अंडी घालायची, माती परत लोटून जागा सपाट करायची आणि निघून जायचे, एवढाच तिचा कार्यक्रम. कोंबडीसारखी ती अंड्यांवर बसत नाही की कावळ्यासारखा पहारा देत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, तेव्हा त्यांचा आणि आईचा काहीही संबंध उरलेला नसतो.

विद्यार्थिदशेत आम्ही अशीच काही अंडी उकरून आणली होती. काचेच्या बरणीत कोरडा कापूस घातला, त्यावर अंडी ठेवली आणि ऊब मिळावी म्हणून वर विजेचा दिवा लावला. कोंबडीची अंडी उबवणपेटीत रोज फिरवतात हे वाचले होते, म्हणून दिवसातून दोनदा अंडी फिरवायलाही आम्ही चुकलो नाही. चार दिवसांत अंड्यांना खळगे पडले आणि आठवड्याभरात ती सुकून गेली. एकही पिल्लू निघाले नाही. "अंडीच खराब होती" असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो.

अंडी खराब नव्हती. चुका आमच्या होत्या आणि त्या तीन होत्या. अंड्यांना पाणी मिळू दिले नाही, ऊब मोजून दिली नाही आणि अंडी फिरवली. या तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज होता. अंडे म्हणजे सर्व सामान भरून बंद केलेली पेटी. बाहेरून फक्त थोडी ऊब पुरवली, की ठरलेला प्राणी ठरल्याप्रमाणे आत तयार होतो, असे आम्ही धरून चाललो होतो. सरड्याच्या बाबतीत हे खरे नाही. भोवतालच्या मातीचे तापमान आणि ओल यांवर पिल्लू जगेल की नाही एवढेच ठरत नाही. ते केवढे होईल, किती वेगाने पळेल आणि अनेक जातींत ते नर होईल की मादी, हेही त्यांवर ठरते. हे कसे घडते, ते या लेखात पाहू. लेखातील तापमानाचे सर्व आकडे अंश सेल्सिअसमधील आहेत.

पाण्याचा हिशेब

कोंबडीचे अंडे आपण सर्वांनी फोडून पाहिलेले असते. मधला पिवळा बलक हे अन्न आणि भोवतालचा पांढरा बलक हा मुख्यतः पाण्याचा साठा. पिल्लाला लागणारे सारे पाणी कोंबडी अंड्यातच भरून देते. उबवणीच्या २१ दिवसांत त्यातले काही पाणी कवचाच्या छिद्रांतून वाफेच्या रूपाने निघून जाते, त्यामुळे अंड्याचे वजन कमी होत जाते.

सरड्याच्या अंड्यात पिवळा बलक भरपूर असतो, पण पांढरा बलक जवळजवळ नसतोच. म्हणजे शिदोरी बांधून दिली आहे, पण पाण्याची सोय वाटेत करायची आहे. ही सोय माती करते. अंड्याचे कवच कडक नसते. ते जाड कागदासारखे किंवा चामड्यासारखे लवचीक असते आणि त्यातून पाणी आत-बाहेर जाऊ शकते. भोवतालची माती ओली असली, की अंडे पाणी शोषून फुगते. बऱ्याच जातींत उबवणीच्या काळात अंड्याचे वजन दुपटीच्या घरात जाते. माती कोरडी पडली, की हाच प्रवाह उलटा होतो आणि अंडे आक्रसते. आमच्या बरणीतल्या अंड्यांना पडलेले खळगे म्हणजे कोरड्या कापसाने आणि हवेने ओढून घेतलेले पाणी होते.

ओलीचा परिणाम जगण्या-मरण्यापुरताच राहत नाही. पुरेशा ओल्या मातीत वाढणारा भ्रूण बलकाचा अधिक वापर करू शकतो. त्यामुळे अनेक जातींत ओलसर मातीतली पिल्ले कोरड्या मातीतल्या पिल्लांपेक्षा मोठी निघतात, आणि त्यांच्या पोटात न वापरलेला बलक कमी उरतो. ओलीचा अतिरेकही घातकच. मातीच्या कणांमधील मोकळ्या जागा पाण्याने भरल्या तर हवा खेळत नाही आणि भ्रूण गुदमरतो. चांगली ओल, पण पाणी साचलेले नाही, अशी जागा अंड्यांना मानवते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, जवळपास तीच ही स्थिती.

घरातल्या पालीची अंडी मात्र वेगळी. कपाटामागे किंवा तसबिरीच्या आड सापडणारी ती दोन वाटोळी अंडी कोंबडीच्या अंड्यासारख्या कडक, चुनखडीयुक्त कवचाची असतात. त्यांना बाहेरून पाणी घेण्याची गरज फारशी पडत नाही, म्हणून ती कोरड्या भिंतीवरही तग धरतात. पाल आणि सरडा एकाच मोठ्या गटातले असले, तरी अंड्यांची व्यवस्था अशी निराळी आहे.

अंडी फिरवण्याच्या चुकीचा उलगडाही अंड्याच्या रचनेतच आहे. कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पिळदार धागे असतात. अंडे फिरले तरी बलक आत वळतो आणि भ्रूण पुन्हा वरच्या बाजूला येतो. सरड्याच्या अंड्यात असे धागे नसतात. भ्रूण वरच्या अंगाला राहतो आणि त्याची श्वसनाची पटले कवचाला आतून चिकटतात. अंडे उलटे केले तर भ्रूणावर बलकाचा भार येतो किंवा पटले फाटण्याचा धोका असतो. म्हणून अभ्यासासाठी अंडी हलवताना संशोधक वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात आणि ती बाजू वरच राहील याची काळजी घेतात.

उबेचा हिशेब

कोंबडीचे शरीर अंड्यांना सुमारे ३७ ते ३८ अंशांची जवळजवळ स्थिर ऊब देते. सरड्याच्या अंड्याला अशी स्थिर ऊब कुणीच देत नाही. दुपारी माती तापते, पहाटे निवते. ढग आले, की दोन दिवस गारवा राहतो. भ्रूणाची वाढ या चढ-उतारांबरोबर जलद किंवा मंद होते. एका मर्यादेखाली ती जवळजवळ थांबते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. बऱ्याच जातींत ३५ अंशांच्या आसपास सतत उबवलेल्या अंड्यांमध्ये मृत्यूचे व व्यंगांचे प्रमाण वाढते. काही वाळवंटी जाती याहून अधिक उष्णता सोसतात.

यातला हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका सरड्याच्या भ्रूणाची वाढ १७ अंशांना थांबते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला, दर दिवशी एक 'गुण' मिळतो. असे ५०० गुण जमले, की पिल्लू बाहेर येते. माती सतत २७ अंशांवर असेल तर रोज १० गुण, म्हणजे ५० दिवस लागतील. सतत ३२ अंशांवर रोज १५ गुण मिळतील आणि सुमारे ३३ दिवस पुरतील. सतत २२ अंशांवर रोज फक्त ५ गुण, म्हणजे १०० दिवस लागतील.

आता खऱ्या घरट्यासारखे एक घरटे घेऊ. त्यात रोज १२ तास ३२ अंश आणि १२ तास २२ अंश तापमान असते. सरासरी २७ अंशच. अर्ध्या दिवसाचे गुण अनुक्रमे साडेसात आणि अडीच, म्हणजे रोजचे १० गुण, आणि पुन्हा ५० दिवस. वरवर पाहता स्थिर २७ अंशांच्या घरट्यात आणि या घरट्यात काही फरक नाही. पण दहांपैकी साडेसात गुण, म्हणजे भ्रूणाच्या शरीराचा तीन-चतुर्थांश भाग, ३२ अंशांना घडला आहे! घड्याळाच्या हिशेबाने अंड्याने निम्मा वेळ गारव्यात काढला, पण वाढीच्या हिशेबाने त्याचे बहुतेक आयुष्य उष्णतेत गेले.

हा मुद्दा ऑस्ट्रेलियातील आर्थर जॉर्जेस यांनी १९८९ साली कासवांच्या अंड्यांच्या संदर्भात मांडला. तापमानाच्या परिणामांचा विचार करताना किती तास गेले हे न पाहता, वाढीचा किती भाग कोणत्या तापमानाला झाला हे पाहायला हवे, असे त्यांनी दाखवले. प्रयोगशाळेतील स्थिर तापमानाच्या पेटीतले निष्कर्ष मातीतल्या घरट्याला लावताना हा फरक विसरता येत नाही.

नर की मादी

१९६६ साली आफ्रिकेतील सेनेगलमध्ये काम करणाऱ्या मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने आगामा आगामा या तिथल्या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानांना उबवली. २६-२७ अंशांच्या आसपास उबवलेल्या अंड्यांतून माद्या निघाल्या, तर २९ अंशांना जवळजवळ सर्व नर. अवघ्या दोन-तीन अंशांचा फरक! पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत लिंग गुणसूत्रांनीच ठरते असे मानले जात असल्यामुळे या शोधाकडे सुरुवातीला फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९७०च्या दशकात कासवांमध्ये असेच आढळले, मग सुसरींमध्ये, आणि शार्निए यांच्या कामाचे मोल कळले.

प्रत्येक जातीचा नियम मात्र वेगळा. शार्निए यांच्या सरड्यात ऊब वाढली, की नर होतात. समुद्री कासवांत उलटे: वाळू तापली, की माद्या. कोकणच्या किनाऱ्यावर वेळाससारख्या गावांत ज्यांची घरटी जपली जातात, त्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही हाच नियम लागू आहे. पाकिस्तान, अफगाणिस्तान या भागांत आढळणाऱ्या, बिबळ्यासारखे ठिपके असलेल्या एका पालीचा (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) क्रम आणखी निराळा आहे. २६ अंशांना माद्या, साडेबत्तीस अंशांच्या सुमारास बहुतेक नर आणि ३४ अंशांच्या पुढे पुन्हा बहुतेक माद्या. हिचीच एक बहीण-जात आपल्या महाराष्ट्रातही राहते.

आणि आपल्या कुंपणावरचा सरडा, कॅलोटिस व्हर्सिकलर? त्याच्या नराच्या आणि मादीच्या गुणसूत्रांत सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी या सरड्यावर अनेक वर्षे काम केले. त्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमान खालून वर वाढवत नेले, की आधी माद्या, मग नर, मग पुन्हा माद्या आणि शेवटी पुन्हा नर, असा चार टप्प्यांचा क्रम मिळतो. असा क्रम त्यापूर्वी कुठल्याच प्राण्यात नोंदलेला नव्हता. रोज दिसणाऱ्या, मुलांच्या दगडांचे लक्ष्य बनणाऱ्या प्राण्याने शास्त्रज्ञांना दिलेला हा धडा आहे.

ऊब लिंग कसे ठरवते? सुरुवातीला भ्रूणाची जननग्रंथी दोन्हींपैकी काहीही होऊ शकेल अशी असते. उबवणीच्या साधारण मधल्या टप्प्यात तिची दिशा ठरते. त्यात आरोमाटेज नावाच्या विकराची भूमिका मोठी आहे. हे विकर नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. ते भरपूर असले तर अंडाशय घडतो, नसले तर वृषण. तापमानाचा सांगावा जननग्रंथीपर्यंत कसा पोचतो हे कोडे अलीकडे थोडे सुटू लागले आहे. २०१८ साली एका कासवावर झालेल्या प्रयोगात केडीएम-६-बी नावाचा जनुक गारव्यात, म्हणजे त्या कासवाचे नर होण्याच्या तापमानाला, अधिक कार्यरत आढळला. तो गप्प केला, तेव्हा त्याच गारव्यात बहुतेक भ्रूणांत अंडाशय तयार झाले. म्हणजे ऊब जनुकांना बाजूला सारत नाही. कोणता जनुक केव्हा बोलेल आणि केव्हा गप्प बसेल, हे ती ठरवते.

गुणसूत्रे विरुद्ध ऊब, असा सामना नाही

ज्यांना लिंग-गुणसूत्रे आहेत अशा सरड्यांतही ऊब ढवळाढवळ करू शकते. मध्य ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा, पोगोना व्हिटिसेप्स, हे याचे उत्तम उदाहरण. पक्ष्यांप्रमाणे त्याच्यात नराची गुणसूत्रे झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू असतात. २००७ साली असे दिसून आले, की सुमारे ३२ अंशांच्या वर उबवलेल्या अंड्यांतले काही झेड-झेड भ्रूण, म्हणजे गुणसूत्रांच्या हिशेबाने नर, प्रत्यक्षात माद्या म्हणून वाढतात. २०१५ साली अशा माद्या प्रयोगशाळेबाहेर, रानातही सापडल्या. त्या वांझ नसतात, अंडी घालतात.

आता विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. झेड-झेड मादी आणि झेड-झेड नर यांच्या पिल्लांत कोणती गुणसूत्रे असतील? सगळीच झेड-झेड. म्हणजे त्या कुळातून डब्ल्यू गुणसूत्र एकाच पिढीत नाहीसे झाले. त्यानंतर त्या कुळात लिंग ठरवण्याचे काम संपूर्णपणे तापमानाकडे जाते. गुणसूत्रांची पद्धत आणि तापमानाची पद्धत या दोन वेगळ्या दुनिया नाहीत. एकीतून दुसरीत जाणारी वाट अशी जवळची आहे.

शरीर, वेग आणि शिकणे

लिंगाचा मुद्दा लक्षवेधक असल्यामुळे इतर परिणाम झाकले जातात. ते कमी महत्त्वाचे नाहीत. ऑस्ट्रेलियातील रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगराळ भागातल्या तीन पट्ट्यांच्या सापसुरळीची अंडी गार आणि उबदार घरट्यांसारख्या परिस्थितीत वाढवली. उबदार परिस्थितीतली पिल्ले लवकर तर निघालीच, पण ती पळण्यातही अधिक चपळ होती. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला कावळा, साप, मोठे कोळी अशा अनेकांपासून जीव वाचवायचा असतो. तेव्हा पळण्याचा वेग ही चैन नव्हे.

२०१२ साली याच सापसुरळीवर आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लांपुढे दोन आडोसे ठेवलेले होते. त्यांतला एकच खरोखर उपयोगी. उबदार परिस्थितीत वाढलेली पिल्ले योग्य आडोसा कोणता हे गारव्यातल्या पिल्लांपेक्षा लवकर शिकली. म्हणजे मातीच्या उबेचा ठसा स्नायूंवरच नव्हे, मेंदूच्या कामावरही उमटतो. वर उल्लेख केलेल्या ठिपक्यांच्या पालीत २६ अंशांना वाढलेल्या माद्यांपेक्षा साडेबत्तीस अंशांना वाढलेल्या माद्या अधिक आक्रमक आढळल्या. दोन्ही माद्याच, पण स्वभाव वेगळा.

मग निसर्गात ही पद्धत टिकून का राहिली? चार्नोव्ह आणि बुल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ साली एक कल्पना मांडली. एखाद्या तापमानाला वाढलेले शरीर नराला अधिक उपयोगी पडत असेल आणि दुसऱ्या तापमानाचे मादीला, तर तापमानानुसार लिंग ठरणे फायद्याचे होईल. याची परीक्षा अवघड होती. कारण ज्या तापमानाला फक्त माद्याच होतात, तिथे तुलनेसाठी नर आणायचे कुठून? डॅनियल वॉर्नर आणि रिक शाइन यांनी जॅकी ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याच्या अंड्यांना आरोमाटेज रोखणारे रसायन लावून 'चुकीच्या' तापमानालाही नर मिळवले आणि त्यांना काही वर्षे वाढू दिले. २००८ साली त्यांनी दाखवले, की नर होण्याच्या नैसर्गिक तापमानाला वाढलेल्या नरांना इतर नरांपेक्षा अधिक संतती झाली. चार्नोव्ह आणि बुल यांच्या कल्पनेला निदान एका सरड्यात तरी आधार मिळाला.

घरटे निवडणारी आई

हे सर्व लक्षात घेतले, की लेखाच्या सुरुवातीची ती माती उकरणारी मादी वेगळी दिसू लागते. ती अंड्यांकडे परत येत नाही हे खरे, पण पिल्लांसाठी तिने काहीच केले नाही असे नाही. ऊन की सावली, वरचा थर की खोल, ओल किती, हे तिने निवडले आहे. पिल्लांच्या शरीराबद्दलचे बरेच निर्णय त्या एका निवडीत येतात. पाऊस लांबला तर काय? धारवाडच्या संशोधकांना असे आढळले, की घरट्यासाठी योग्य परिस्थिती मिळाली नाही, तर आपल्या सरड्याची मादी अंडी पोटातच रोखून धरू शकते, आणि त्या काळात भ्रूणांची वाढ एका ठरावीक टप्प्याला थांबते. आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील काही घोरपडी वारूळ फोडून त्यात अंडी घालतात. वाळवी ते भगदाड बुजवून टाकते आणि घोरपडीच्या अंड्यांना जवळजवळ स्थिर ऊब आणि ओल आयतीच मिळते.

प्रश्न हा, की हवामान बदलत असताना ही निवड पुरी पडेल का? तीन पट्ट्यांच्या सापसुरळीच्या घरट्यांची सुमारे दशकभर पाहणी केल्यावर संशोधकांना २००९ साली दिसून आले, की माद्या पूर्वीपेक्षा खोल खड्डे करू लागल्या आहेत आणि अंडीही लवकर घालू लागल्या आहेत. म्हणजे वाढत्या उष्णतेला त्या उत्तर देत होत्या. तरीही घरट्यांचे तापमान सुमारे दीड अंशाने वाढलेलेच होते. उत्तर दिले, पण ते पुरे पडले नाही. दोन-तीन अंशांच्या फरकाने नराच्या जागी मादी होते हे आपण पाहिले आहे, तेव्हा दीड अंश किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. एखाद्या जातीत पिढ्यान्पिढ्या एकाच लिंगाची पिल्ले जन्मू लागली, तर अंडी उत्तम उबूनही ती जात धोक्यात येऊ शकते.

आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. शाळेच्या आवारातली माती फरशांखाली गेली, कुंपणाची झुडपे काढून भिंत घातली, की मादीपुढची निवडच संपते. खोल उकरायला माती नाही आणि सावलीत जायला झुडूप नाही. हवामान बदलणे एकट्या शाळेच्या हातात नाही, पण कुंपणालगत हातभर रुंदीची मोकळी माती आणि दोन झुडपे ठेवणे नक्कीच आहे.

वर्गात सांगताना

हा विषय शिकवताना एका ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. 'उबेमुळे नर किंवा मादी ठरते' हे ऐकल्यावर एखादा विद्यार्थी विचारेल, "सर, मग माणसातही तसेच होते का?" याचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे द्यावे. मानवाचा गर्भ आईच्या पोटात सुमारे ३७ अंशांच्या स्थिर तापमानाला वाढतो, आणि मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणाऱ्या घरांत अमुक गरम पदार्थ खाल्ला, तमुक थंड पदार्थ टाळला असल्या समजुती आजही ऐकू येतात. सरड्याचे उदाहरण त्यांना टेकू म्हणून वापरले जाऊ नये, याची खबरदारी शिक्षकांनीच घ्यायची आहे.

दुसरी गोष्ट, आमच्यासारखी अंडी उकरून आणू नयेत. अंडी न हलवता करण्यासारखे पुष्कळ आहे.

एक: उन्हातली एक आणि झाडाच्या सावलीतली एक अशा दोन जागा निवडा. लोखंडी सळईने ५, १० आणि १५ सेंटिमीटर खोल भोके पाडा. त्यांत शाळेतला तापमापक हलकेच सोडून सकाळी ७, दुपारी २ आणि सायंकाळी ६ वाजता आठवडाभर नोंदी घ्या आणि आलेख काढा. खोली वाढेल तसा दिवसभराचा चढ-उतार कमी होतो हे मुलांना स्वतःच दिसेल. मग वरच्या काल्पनिक उदाहरणातला १७ अंशांचा नियम लावून प्रत्येक जागी रोज अंदाजे किती 'गुण' मिळाले असते ते काढायला सांगा.

दोन: दोन्ही जागांची १०० ग्रॅम माती तोलून घ्या, कागदावर पसरून कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि पुन्हा तोला. कमी झालेले वजन म्हणजे ओल.

तीन: भिजवलेले मूग तीन बशांत ओल्या फडक्यावर ठेवा. एक बशी माठाजवळच्या गार जागी, एक वर्गात आणि एक उन्हाने तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवा आणि तिन्ही फडकी सारखीच ओली ठेवा. मोड केव्हा आले आणि चार दिवसांनी त्यांची लांबी किती झाली याची नोंद करा. बी एकाच पिशवीतले, पाणी सारखे, तरी मोड सारखे निघत नाहीत. सरड्याच्या अंड्याचे कोडे मुलांना इथे हाताळून पाहता येते.

पाठ्यपुस्तकात 'काही प्राण्यांत लिंग तापमानानुसार ठरते' असे एखादे वाक्य येऊन जाते आणि आपण पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. त्या वाक्यापाशी एक तास थांबायला हरकत नाही. जनुकांत सर्व काही लिहिलेले असते, हे विधान आपण सोयीसाठी करतो. सरड्याच्या अंड्यात लिहिलेले असते ते बरेचसे 'जर... तर...' या भाषेत. त्यातले 'जर' कोणते, ते मातीत ठरते. पुढच्या पावसाळ्यात कुंपणापाशी माती उकरणारी मादी दिसली, तर मुलांना थोडे दूर उभे करून तिला तिचे काम पुरे करू द्यावे. ती निघून गेल्यावर त्या जागेशेजारी तापमापक रोवता येईल आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडताना पाहताही येतील.